कॅमेऱ्यात बिबट्या अडकत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात 'कॅमेरा ट्रॅपमध्ये बिबट्या अडकला' अशी बातमी होती. सकाळी दूध आणायला गेलो तर डेअरीवर दोघांनी विचारलं, "वनपाल, कुठे ठेवलाय त्याला?" ठेवणार कुठे? झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यासमोरून तो गेला, फोटो निघाला, तो आपल्या वाटेने चालता झाला. इंग्रजीत त्या यंत्राला ट्रॅप म्हणतात आणि फोटो निघाला की जनावर 'कॅप्चर' झालं म्हणतात. मराठीत अडकलं म्हणजे अडकलंच.

नोकरीत मीही या शब्दांत घसरलो आहे. राजापूरकडे एका काजूच्या बागेत डुकरासाठी कुणीतरी मोटारसायकलच्या क्लचची वायर खुंटाला बांधून फासकी लावली होती. तीत बिबट्या कमरेत धरला गेला. जनावर जितकं ओढतं तितकी फासकी आवळते. बेशुद्ध करून वायर कापली तेव्हा तिच्याखाली केस उरले नव्हते, नुसतं लालभडक कातडं. इंग्रजी अहवालात मी 'ट्रॅप' लिहिलं. साहेबांनी ते खोडून वर 'स्नेअर', म्हणजे फासकी, लिहिलं आणि म्हणाले, "ट्रॅप आपण लावतो. हे कुणी लावलं ते शोधा."

1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात, कलम 2(16) मध्ये शिकारीची व्याख्या आहे. मारणं आणि विष घालणं तर आहेच. शिवाय कॅप्चरिंग, कोर्सिंग, स्नेअरिंग, ट्रॅपिंग, ड्रायव्हिंग, बेटिंग असे सहा शब्द ओळीने. कोर्सिंग म्हणजे कुत्री मागे सोडणं, ड्रायव्हिंग म्हणजे आपला हाका (जनावर हाकलत नेणं), बेटिंग म्हणजे आमिष लावणं. नुसता प्रयत्न केला तरी शिकारच. (कॅच त्यात नाही, तो चेंडूलाही चालतो आणि सर्दीलाही.) म्हणूनच बिबट्यासाठी पिंजरा लावायचा तर खात्यालाही मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. त्या पिंजऱ्यात शेळी जाळीपलीकडच्या कप्प्यात असते; आतल्या फळीवर बिबट्याचा पाय पडला की दार खाली येतं. धडपडीत कधी त्याचा दात मोडतो, पण कंबर कापली जात नाही.

बातमीत मात्र सगळ्याला एकच शब्द, 'जेरबंद'. हा मुळात घोड्याने मान उडवू नये म्हणून बांधायचा पट्टा! पिंजऱ्यात शिरला तरी जेरबंद, फासकीतून सोडवला तरी जेरबंद. एका ठिकाणी खात्याचं काम झालेलं असतं, दुसऱ्या ठिकाणी गुन्हा. वाचणाऱ्याला ते कळायला नको?

तेव्हा आपल्या वार्ताहरांना सांगावं, फासकी असेल तर फासकीच लिहा, आणि कुणाच्या बागेत होती तेही विचारा. फोटो निघाला असेल तर 'कॅमेऱ्याने टिपला' म्हणा. नुसतं 'टिपला' नको, नाहीतर डेअरीवर मला विचारतील, गोळी कुणी घातली.

आपला,
एक निवृत्त वनपाल
लांजा, जि. रत्नागिरी