काठावरून पाहिलेल्या उड्या

कोल्हापूर,
दि. १० सप्टेंबर २०२५

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर तू सांगितलेस की धाकट्या लेकीने रोज रात्री तुझ्या लहानपणच्या गोष्टींचा हट्ट धरला आहे आणि तू ‘आम्ही नदीत पोहायचो, गुऱ्हाळावर जायचो’ एवढे सांगून दोन वाक्यांत अडतोस. ‘तुला सगळे आठवते, तूच लिहून पाठव’ अशी आज्ञाही केलीस. तुला आठवत नाही याचे मला मुळीच नवल वाटले नाही. आपल्या बहुतेक उद्योगांत उडी तू घेतलीस आणि तुझे कपडे पोटाशी धरून मी काठावर उभा राहिलो. पाण्यात पडलेल्याला नाकातोंडात गेलेल्या पाण्यापलीकडे काय आठवणार? तेव्हा पुढे जे लिहितो ते काठावरून पाहिलेले आहे, आणि म्हणूनच तुझ्या सांगण्यापेक्षा ते अधिक भरवशाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पंचगंगेपासूनच सुरुवात करतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची मिळून ही नदी होते, हे लेकीला आधी सांग. आपल्याला ती नावे पाढ्यांच्या आधी पाठ झाली होती. तुझ्या थोरल्या दादांनी आपल्या दोघांच्या पाठीला पत्र्याचे डबे बांधून घाटावरून ढकलून दिले, तेच आपले पोहण्याचे शिक्षण. तू आठवड्यात डबा सोडलास, मी मात्र तो पुढचा सगळा उन्हाळा सोडला नाही. पावसाळ्यात राधानगरी धरण भरून स्वयंचलित दरवाजे उघडले, ही बातमी रेडिओच्या आधी आपल्या पेठेत पोहोचत असे. दरवाजे पाण्याच्या दाबानेच उघडतात, त्यांना माणूस लागत नाही, हे तुला कधीच पटले नव्हते. कोणीतरी म्हातारा तिथे चावी घेऊन बसत असणार, असे तू शपथेवर सांगत असस. भोगावतीतून ते पाणी पंचगंगेत उतरले की सारे गाव शिवाजी पुलावर पूर पाहायला लोटत असे, आणि राजाराम बंधाऱ्याचे आकडे पोराटोरांच्या तोंडी असत : ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका.

अशाच एका पुरात तू घाटावरच्या देवळाच्या शिखरावरून उडी मारलीस. पायऱ्या केव्हाच बुडाल्या होत्या, दीपमाळेचे नुसते टोक दिसत होते आणि गढूळ लाल पाण्यातून उसाचे वाडे, चिपाडे आणि एक आख्खे उंबराचे झाड गरगरत चालले होते. ‘लेका, घाबरतोस व्हय?’ असे मला विचारून तू गेलास, आणि डोके काही वर येईना. तुझी खाकी अर्धी चड्डी आणि वरचे बटण तुटलेला सदरा माझ्या हातात होता. तू बुडालास या विचारापेक्षाही हे कपडे काकूंच्या हातात कसे द्यायचे, दारात उभा राहून पहिले वाक्य कोणते बोलायचे, याचीच मला धडकी भरली होती, हे आज लिहिताना चमत्कारिक वाटते. पण त्या वयात भीतीला असेच काहीतरी हातात धरता येण्याजोगे लागते. मी पाण्याकडे पाहत उभा असताना तू मागून रस्त्याने लंगोटावर चालत आलास. कुठेतरी खाली उसाच्या फडात जाऊन लागला होतास, पिंढऱ्या पात्यांनी कापल्या होत्या, आणि तुझा पहिला प्रश्न ‘खिशातले फुटाणे भिजले न्हाईत न्हवं?’ हा होता. ही हकीकत लेकीला सांगायची की नाही, ते वहिनींना विचारून ठरव. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले आणि गल्ल्यांतून बोटी फिरल्या, तेव्हापासून पुराच्या गमतीजमती सांगताना माझी जीभ जरा जड होते.

रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट मात्र तिला नक्की आवडेल. रंकाळ्याकाठचा तो नंदी रोज एका गव्हाएवढा तळ्याकडे सरकतो आणि एका तांदळाएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी तो पाण्याला पोहोचेल त्या दिवशी प्रलय होईल, असे आजी सांगत असे. तू खडूने नंदीच्या खुरापाशी रेघ मारलीस आणि तपासणीसाठी रोज मला घेऊन जाऊ लागलास. मी हिशेब मांडला की तांदूळ गव्हापेक्षा लांब असतो, म्हणजे नंदी खरे तर मागेच चालला आहे आणि प्रलयाची चिंता नको. त्यावर तू म्हणालास की देव काही बाजारातला लांब तांदूळ घेणार नाही, तो आजऱ्याचा घनसाळच घेणार, आणि घनसाळ आखूड असतो. या मुद्द्यावर मला आजतागायत उत्तर सापडलेले नाही. पावसाने रेघ पुसली आणि संशोधन थांबले.

ललिता पंचमीचा कोहळा तुला आठवत असेलच, कारण त्याबद्दल तू मार खाल्ला होतास. अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या भेटीला टेकडीवर जाते, तिथे कुमारिकेच्या हातून त्रिशूळाने कोहळा फोडतात आणि त्याचा तुकडा मिळवण्यासाठी मोठी माणसेही एकमेकांच्या अंगावर तुटून पडतात. तू लोकांच्या पायांमधून रांगत आत शिरलास. मी एका दगडावर चढून उभा होतो, म्हणून मला ती मुलगी नीट दिसली. आपल्याच वयाची असेल. हिरवी साडी तिला मोठी झाली होती, भोवती पोलीस काठ्या आडव्या धरून घामाघूम झाले होते आणि ती मात्र शाळेत नाव पुकारण्याची वाट पाहत असल्यासारखी शांत बसली होती. पुढच्या क्षणी कोहळा फुटला आणि ती दिसेनाशी झाली. तू बाहेर आलास तेव्हा सदऱ्याची एक बाही गायब होती आणि मुठीत तळहाताएवढी फोड होती. तो तुकडा घरी नेणे भाग्याचे मानतात. काकूंनी आधी तो देव्हाऱ्यात ठेवला, हात जोडले आणि मग सदऱ्याबद्दल तुला यथासांग बडवले. क्रम लक्षात ठेव, त्यात काकूंचा सारा स्वभाव आला.

सायकली भाड्याने घेऊन पन्हाळ्याला गेलो होतो, त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. वाघबीळच्या चढावर सायकली ढकलल्या, तीन दरवाजापाशी शिदोरी खाल्ली आणि येताना तुझ्या सायकलचा ब्रेक लागेना म्हणून तू चप्पल चाकाला लावत खाली आलास.

त्यापेक्षा तुझ्या मामांचे वडणग्याचे गुऱ्हाळ. थंडीत शाळा सुटली की शिवाजी पूल ओलांडून आपण तिकडे पळत असू. चुलवाणात चिपाडांचा जाळ धडाडत असे, काहिलीत रस उकळून वर आलेली मळी गडी झाऱ्याने काढत असत, आणि सगळ्यांचा जीव गुळव्याच्या बोटांवर असे. तो पाक पाण्यात टाकून चिमटीत त्याची गोळी करून पाही आणि मान हलवी. एवढ्या इशाऱ्यावर काहील उतरवत. तू त्याची नक्कल करायला गेलास आणि दोन बोटे भाजून घेतलीस. त्याने रागावण्याऐवजी तुझी बोटे थंड पाण्याच्या बादलीत बुडवून धरली आणि म्हणाला, ‘गुळव्या हुयाला आधी कातडं जाळाय लागतंय.’ मग त्याने उसाच्या कांडक्यावर गरम गूळ गुंडाळून दिला, तोही आधी तुला. भाजलेल्याचा मान पहिला. मला आजही बाजारातला गूळ हातात घेतला की तो दाबून पाहण्याची सवय आहे. त्यातले कळत काहीच नाही.

खासबागेबद्दल लिहिताना हात अडखळतो. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या त्या मैदानाचा आकार असा, की शेवटच्या रांगेतूनही आखाडा पुरता दिसतो. तरी तुला मात्र कुस्ती हौद्याजवळूनच पाहायची असे. हलगी कडाडू लागली की तू मला गर्दीत ओढत नेत असस, आणि पैलवानाने मारलेल्या शड्डूने उडालेली तांबडी माती अंगावर पडली की ती झटकू देत नसस. शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला २०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री आग लागली, तेव्हा मी गर्दीबरोबर रस्त्यावर उभा होतो. १९१५ सालचे ते थिएटर, आपण पहिले नाटक बाल्कनीतून पाहिले ते. सकाळी भिंती तेवढ्या राहिल्या होत्या. भोवतीची म्हातारी माणसे उघड रडत होती. मी तुला तेव्हा फोन केला होता, पण आपण दोघेही नीट बोललो नाही.

नवरात्र तोंडावर आले आहे. लेकीला घेऊन ये. टेंबलाईच्या गर्दीत तिला सोडायचे नाही, पण दगडावर उभे करून सारे दाखवता येईल. महालक्ष्मी एक्सप्रेसचे आरक्षण आताच कर, नवरात्रात ते मिळत नाही. येण्याआधी मात्र एका प्रश्नाचे उत्तर लिहून पाठव, फोनवर उडवून लावू नकोस : त्या पुरात शिखरावरून उडी मारल्यावर पाण्याखाली नक्की काय झाले आणि फडापर्यंत तू कसा पोहोचलास? तेवढा भाग मला काठावरून दिसलेला नाही.

ती. काकूंना शिरसाष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझा,
दिनू