ते पोतं कुणी नेणार आहे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात उसाची चिपाडं आणि शेंगांची टरफलं वापरून सांडपाण्यातले जड धातू काढण्याबद्दलचा लेख वाचला. लिहिणाऱ्यांचा अभ्यास असेल, नाही म्हणत नाही. पण उद्यमनगरात तीस वर्षं हार्ड क्रोमच्या, म्हणजे यंत्रांच्या भागांवर क्रोमियमचा थर चढवायच्या टाक्यांवर उभं राहिलेल्या माणसाला तो वाचून रात्री झोप लागली नाही, एवढं खरं.

सात-आठ वर्षांपूर्वी एका कॉलेजची चार पोरं माझ्याकडं आली. हुशार पोरं, ‘काका, काका’ करणारी. गुऱ्हाळावरनं फुकट चिपाडं आणली, धुतली, वाळवली, दळली, प्लास्टिकच्या बॅरलमध्ये भरली आणि क्रोम चढवलेले भाग धुतलेलं पिवळं, क्रोमियमचं पाणी त्यातनं सोडलं. पहिल्या दिवशी खाली चहासारखं तांबूस पाणी आलं. तो रंग चिपाडांचाच. सर म्हणाले, आम्ल घाला, पीएच दोनच्या आसपास आणा, तरच क्रोमियम धरतं. घातलं. मग खरंच पाणी निवळ येऊ लागलं आणि मीही चार लोकांना बोलावून दाखवलं. आठवड्यात मात्र पुन्हा पिवळं. चिपाडं भरली होती, धरून धरून किती धरणार? तोवर पोरांचे फोटो काढून झाले होते. प्रदर्शनात बक्षीसही मिळालं म्हणे. बॅरल आणि ती क्रोमियम धरलेली दोन पोती चिपाडं माझ्या शेडात राहिली.

लेखात ‘धातू नष्ट होतात’ असं छापलंय. अहो, धातू कुठं नष्ट होतो? पाण्यातला चिपाडात गेला, इतकंच. घंटागाडीवाला ती पोती घेईना, आणि त्यानं घेऊही नयेत. मागच्या गल्लीतल्या मावशी एकदा दारात येऊन म्हणाल्या, ‘‘दादा, चिपाडं चांगली वाळल्यात, बंबाला न्हेऊ का?’’ माझ्या पोटात गोळा आला. जाळली तरी क्रोमियम राखेत उरणार, आणि आमच्याकडं राखेनं अजून भांडी घासतात. त्यांना समजावून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर एकच पोतं शिल्लक. त्या शपथेवर ‘मी न्हाई’ म्हणतात. दुसरं कुठं गेलं, मला आजवर कळलेलं नाही.

लेखातल्या ठळक टक्क्यांचंही तसंच. समजा नव्वद टक्के क्रोमियम निघालं. लिटरला १०० मिलिग्रॅम असेल तर १० उरलं, आणि नदीनाल्यात सोडायला हेक्साव्हॅलंट, म्हणजे या पिवळ्या जास्त विषारी क्रोमियमची मर्यादा आहे ०.१. आम्ही अडाणी लोक मेटाबायसल्फाइट नावाची पावडर घालून पिवळ्याचं हिरवं, कमी विषारी क्रोमियम करायचो आणि चुन्यानं गाळ बसवायचो. तो गाळही विषारीच, पण त्याला कागद होता, रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्राला जाणारी गाडी होती. पोत्याला ना कागद, ना गाडी. दुकान बंद करताना त्या गाडीवाल्यांना विचारलं, तर म्हणाले, ‘हे आमच्या यादीत बसत नाही.’

आणि लेखासोबत पंचगंगेतल्या मेलेल्या माशांचा फोटो कशाला? मासे असे एकगठ्ठा मरतात ते बहुतेक वेळा मळी नाहीतर मैलापाण्यानं नदीतला ऑक्सिजन संपतो म्हणून. त्याचं पाप आम्हा प्लेटिंगवाल्यांच्या माथी मारू नका, आमची आमच्यापुरती पुष्कळ आहेत.

जाता जाता, उद्यमनगरच्या खड्ड्यांवरच्या माझ्या मागच्या पत्राची शेवटची चार वाक्यं आपण कापलीत, त्यामुळं मी रस्त्याचं कौतुक केल्यासारखं झालं. निदान या पत्राची तरी शेवटची ओळ राहू द्या: उरलेलं पोतं माझ्या शेडात तसंच आहे, लेखकमहाशयांनी पत्ता कळवावा, रिक्षाभाडं माझं.

आपला,
एक निवृत्त प्लेटिंगवाला
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर