डेक्सामेथासोनचे आठ सॅम्पल आणि ताईचे आभार

प्रिय ताई,

आमच्या लॅबमधले सगळेच तुला मनातल्या मनात धन्यवाद देत असतात, पण लिहीत कुणी नाही. म्हणून हे उघड पत्र.

आमचा आरएनए-सीक्वेन्सिंगचा (पेशीत कुठला जीन किती चालू आहे ते मोजण्याचा) डेटा हाती आला तेव्हा सरांपासून सगळ्यांना घाई एकच, व्होल्कॅनो प्लॉट, म्हणजे कुठला जीन किती बदलला आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा ते एकत्र दाखवणारं चित्र, कधी दिसतंय. तू म्हणालीस, "तो ठेवा बाजूला. ज्याचं उत्तर माहीत आहे ते आधी बघू," आणि 'एअरवे'चा डेटा उघडलास. 2014 मध्ये छापून आलेला अभ्यास: चार जणांच्या श्वसनमार्गाच्या स्नायूपेशी, प्रत्येकाच्या थोड्या पेशींना 18 तास डेक्सामेथासोन, बाकीच्या तशाच. कोविडमुळे घरोघरी माहीत झालेलं तेच हे स्टेरॉइड. एकूण सॅम्पल आठ.

पीसीएवर, म्हणजे सगळे जीन मिळून कुठलं सॅम्पल कुणासारखं ते दाखवणाऱ्या चित्रावर, आठ ठिपके आले. औषधवाले एकीकडे, बिनऔषधाचे दुसरीकडे, हे अपेक्षितच होतं. पण दुसऱ्या अक्षावर माणसामाणसातला फरकही दिसत होता. जीनमधला फरक तपासणाऱ्या डीईसेक-2 या सॉफ्टवेअरच्या मॉडेलमध्ये औषधाच्या आधी 'पेशी कुणाच्या' हे का लिहायचं, ते मला त्या चित्रावरून कळलं. त्याआधी मी ती ओळ नुसती चिकटवत होते.

मग एमए प्लॉट: आडव्या अक्षावर जीनचे सरासरी काउंट (मोजलेले रीड, म्हणजे आरएनएचे वाचलेले तुकडे), उभ्यावर बदल. डावीकडे, जिथे काउंट कमी, तिथे ठिपके पंख्यासारखे वर-खाली पसरलेले. "दोन रीडचे आठ झाले की चौपट झालं म्हणायचं, पण नाचायचं कशाला?" हे तुझं वाक्य आता आमच्याकडे रोज ऐकू येतं. फोल्ड चेंज (किती पट बदल) श्रिंक केल्यावर, म्हणजे बेभरवशाचे बदल शून्याकडे ओढल्यावर, तो पंखा मिटला. एसपीएआरसीएल1 हा जीन मात्र औषधाने वीसपटीच्या वर वाढलेला होता, तिथेच राहिला.

खरे आभार त्याच्या पुढच्या चित्रासाठी. व्होल्कॅनोच्या टोकावरचा हाच जीन घेऊन तू त्याचे नॉर्मलाइज्ड काउंट (सॅम्पलमधल्या एकूण रीडचा फरक काढून टाकलेले) सॅम्पलनिहाय मांडलेस आणि एकाच माणसाचे दोन ठिपके रेघेने जोडलेस. चार रेघा, चारही खालून वर. व्होल्कॅनोवर प्रत्येक जीनचा एकच ठिपका असतो. त्यात चारही जोड्या एकाच दिशेने बोलताहेत की एखादंच सॅम्पल ओरडतंय, हे कळायला मार्ग नसतो. आता आमच्या मीटिंगमध्ये "ठिपके दाखव" म्हटल्याशिवाय कुठलाही जीन पुढे सरकत नाही. सर थोडे वैतागतात, पण थांबतात.

हीटमॅपचं (जीनच्या ओळी, सॅम्पलचे रकाने, आकड्यांऐवजी रंग) तू दोन मिनिटांत उरकलंस: ओळीनुसार झेड-स्कोअर घेतला की रंग त्या जीनच्या स्वतःच्या सरासरीपासूनचं अंतर सांगतो, तो जीन मुळात किती आहे ते नाही. आणि लाल-हिरवा काढून नारिंगी-निळा लावायला लावलास. आमच्यातल्या एकाला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही, हे तेव्हा कुठे बाहेर आलं! इतकी वर्षं बिचारा माना डोलवत होता.

आमच्या पेपरची तिसरी आकृती या आठवड्यात पाठवते. व्होल्कॅनोवर मी फक्त नऊ जीनची नावं ठेवली आहेत, उभ्या अक्षावर अ‍ॅडजस्टेड पी-व्हॅल्यू (हजारो जीन एकदम तपासल्याचा हिशोब धरलेली) आहे आणि तसं लिहिलंही आहे. सरांना चाळीस नावं हवी आहेत. तेवढं तू बोल त्यांच्याशी.

तुझी,
लॅबमधली धाकटी