एलएलएमच्या वर्गात बांधाचा वाद यावा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या शैक्षणिक पानावर कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची माहिती देताना ‘वादनिवारण’ (खटला न लढवता लवाद, मध्यस्थी अशा मार्गांनी वाद मिटवणे) या विषयातील एलएलएमला मागणी वाढत असल्याचे म्हटले होते. ते खरे आहे. मी पुणे जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात बरीच वर्षे दिवाणी वकिली करते आणि सध्या याच विषयात एलएलएम करते आहे. संसार, कोर्ट आणि अभ्यास सांभाळून हे शिकावे असे वाटले, कारण आमच्याकडे वडिलांनी दाखल केलेला वाटपाचा दावा मुलगा चालवतो आणि तोवर दोन्ही घरांची बोलाचाली बंद झालेली असते. हे थांबवण्याचा दुसरा मार्ग नीट शिकायचा होता. शिकवणारे चांगले आहेत आणि विषय तर फारच मोलाचा आहे. म्हणूनच त्यात काय कमी पडते हे लिहिते आहे.

आमचा बहुतेक वेळ लवादात, म्हणजे न्यायालयाऐवजी पंचाकडून निवाडा घेण्याच्या पद्धतीत जातो. 1996 चा लवाद व समेट कायदा, त्यातील 2015, 2019 आणि 2021 च्या दुरुस्त्या, 1958 चा न्यूयॉर्क करार, मध्यस्थीसंबंधीचा 2019 चा सिंगापूर करार हे सगळे बारकाईने शिकवले जाते. सरावाच्या प्रकरणात एक कंपनी जहाजाने माल पाठवते, दुसरी तो निकृष्ट म्हणून नाकारते आणि लवाद सिंगापूरला बसतो. मुंबईतल्या मोठ्या कार्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याला हे यायलाच हवे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पदवी घेऊन सातारा, लातूर किंवा चंद्रपूरला परतणाऱ्या विद्यार्थ्यासमोर येणारा वाद बांधाचा, विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा, शेतरस्त्याचा आणि वाटपाचा असतो. तो आमच्या वर्गात जवळपास येतच नाही.

खरे तर कायद्यानेच त्याला जागा दिली आहे. कोर्टातला दावा मध्यस्थीसारख्या मार्गांकडे पाठवण्याची सोय करणारे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 89 जुलै 2002 पासून अमलात आले. त्याचा अर्थ लावणारा ‘ॲफकॉन्स’ खटल्याचा 2010 चा निकाल आम्हाला तोंडपाठ असतो. तो वाद कोचीन बंदरातल्या बांधकाम कंत्राटाचा होता. पण त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने शेजाऱ्यांमधले वहिवाटीचे आणि अतिक्रमणाचे वाद, म्हणजे ज्यांना भांडण संपल्यावरही शेजारीच राहायचे आहे अशांचे वाद, मध्यस्थीला योग्य म्हणून सांगितले आहेत. आम्ही निकालाचा कंत्राटाबद्दलचा भाग वाचतो आणि शेजाऱ्यांच्या भागावरून पुढे सरकतो.

वाटपाच्या मध्यस्थीत काय घडते ते सांगते. मध्यस्थी गोपनीय असते, म्हणून ओळख पटेल असे काही लिहीत नाही, पण हा प्रसंग कुठल्याही तालुक्यात घडणारा आहे. दोन भाऊ आणि एक लग्न झालेली बहीण. बहीण थोरल्या भावाच्याच गाडीवर बसून येते. हक्कसोडपत्राचा मसुदा प्लास्टिकच्या पिशवीत तयार असतो. मध्यस्थ तिला विचारतात आणि उत्तर भाऊ देतो, “तिचं काही म्हणणं नाही, ती सही करायलाच आलीय.” ती मान हलवते. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, महाराष्ट्राने तर 1994 मध्येच तशी दुरुस्ती केली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या विनीता शर्मा निकालाने उरलेली शंकाही मिटवली. हे सगळे त्या खोलीत कुणाला तरी माहीत असते. तरी सही व्हायच्या बेतात असते.

तिथे मध्यस्थाने भावांना बाहेर थांबायला सांगितले आणि तिच्याशी एकटीशी बोलणे केले. बराच वेळ ती “माझं काही नाही” एवढेच म्हणत राहिली. मग म्हणाली, “आई आहे तोवर माझं नाव सातबाऱ्यावर राहू द्या. आई गेली की मी होऊन सही करते.” तिला जमीन नको होती. आपले नाव उताऱ्यावर आहे तोवर भाऊ आईला नीट सांभाळतील, हा तिचा हिशेब होता, आणि भावांसमोर तो बोलता येत नव्हता. पुढे ठरलेल्या तडजोडीत आईची राहती खोली, दरसाल द्यायचे धान्य आणि औषधपाण्याचा खर्च कुणी किती द्यायचा ते लिहिले गेले आणि बहिणीचे नाव उताऱ्यावर कायम राहिले. तो मध्यस्थ घाईत असता तर त्याच दिवशी हक्कसोडपत्र झाले असते आणि प्रकरण निकाली निघाल्याची नोंदही झाली असती.

मध्यस्थाने तटस्थ राहावे एवढे पुस्तकात असते. पण ज्या खोलीत एक पक्ष दुसऱ्याच्या गाडीवर बसून आला आहे, तिथे तटस्थ कसे राहायचे? वेगळी भेट केव्हा घ्यायची, कुणाची आधी घ्यायची, त्या भेटीतले किती बाहेर न्यायचे, हे जाणत्या मध्यस्थाच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीने मध्यस्थांसाठी 40 तासांचे प्रशिक्षण ठरवले आहे आणि त्यात अशा सरावाला जागा आहे. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीत त्याहून जास्त असायला हवे.

दुसरी गोष्ट तडजोड पुरशीस, म्हणजे ठरलेली तडजोड कोर्टात लेखी देण्याचा कागद लिहिण्याची. ‘प्रतिवादीने वादीस रस्ता द्यावा’ एवढ्या ओळीवर सह्या झालेल्या पुरशिशी मी पाहिल्या आहेत. गट नंबर नाही, रस्ता कोणत्या बाजूने ते नाही, रुंदी नाही, सोबत नकाशा नाही. नांगरट आली की भांडण पुन्हा सुरू होते, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल होते आणि मोजणीसाठी भूमी अभिलेखकडे फेऱ्या सुरू होतात. वाटपाच्या हुकूमनाम्याने तर काम निम्मेच होते. शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हावे लागते, आणि 1947 चा तुकडेबंदी कायदा न पाहता पाडलेले हिस्से फेरफाराला अडकतात. भाऊ एकमेकांच्या गटात वर्षानुवर्षे वहिवाट करत असतील तर राज्य शासनाने 2023 मध्ये आणलेल्या सलोखा योजनेत 1000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1000 रुपये नोंदणी फी भरून जमिनींची अदलाबदल करण्याची सोय केली गेली. मात्र ताबा किमान 12 वर्षांचा असावा अशी अट त्यात होती. वादनिवारणाचा इतका सरळ मार्ग, पण तो मला वर्गात नव्हे, एका मंडळ अधिकाऱ्याकडून कळला. लवादाच्या निवाड्याला आव्हान देणारे कलम 34 आम्ही कितीतरी तास शिकतो. त्यातले थोडे तास जमीन महसूल संहितेला मिळाले तर काही बिघडणार नाही.

शिवाय ही परंपरा आपल्याच मातीतली आहे. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून कर्जरोखे जाळले. त्या दंग्यांनंतर 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने समेट करवणारे अधिकारी नेमण्याची तरतूद केली आणि त्यांचा दाखला घेतल्याशिवाय शेतकऱ्यांसंबंधीचे दावे दाखल करता येणार नाहीत असे ठरवले. न्यायमूर्ती रानड्यांनी याच कायद्याखाली न्यायाधीश म्हणून काम केले. दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची करणारे कलम 12-अ व्यापारी न्यायालयांच्या कायद्यात 2018 मध्ये आले, तेव्हा ही कल्पना महाराष्ट्रात जवळपास 140 वर्षे जुनी होती. 15 ऑगस्ट 2007 पासून गावोगाव तंटामुक्त समित्या बसल्या. त्यांनी काय मिटवले, काय दाबले, बायकांचे ऐकले की नाही, यावर प्रबंध व्हायला हवेत. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचे वेगळे प्रकरण आहे, तीन मध्यस्थांचे मंडळ त्यात सांगितले आहे. तंटामुक्तीचा अनुभव अभ्यासल्याशिवाय ही मंडळे कुणाच्या भरवशावर बसवणार?

अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की, वादनिवारणात एलएलएम करणाऱ्या प्रत्येकाला एक सत्र तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात काढणे बंधनकारक करावे, त्याला गुण असावेत आणि त्या कामाचा अहवाल मराठीतून लिहिण्याची मुभा असावी. गोपनीयतेचा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पक्षकारांची लेखी संमती असेल तिथेच विद्यार्थ्याला बसू द्यावे, त्याच्याकडून गोपनीयतेचे हमीपत्र घ्यावे, आणि अहवालात प्रकरणाऐवजी पद्धतीबद्दल लिहायला सांगावे. रुग्णाची गोपनीयता सांभाळून वैद्यकीय विद्यार्थी वॉर्डात शिकतातच. शिकवायला माणसेही आहेत. अनेक तालुक्यांत वर्षानुवर्षे शांतपणे मध्यस्थी करणारे ज्येष्ठ वकील आणि निवृत्त न्यायाधीश आहेत. त्यांच्याजवळ पीएचडी नसेल, पण विद्यापीठांनी त्यांना मानधन देऊन तासिकांना बोलवावे. येत्या वर्षाचे वेळापत्रक ठरण्याआधी याचा विचार झाला तर माझ्या मागून येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग होईल.

आपली,
एक महिला वकील, जि. पुणे