रोल नंबर वर लिहायचा आणि खाली मनातलं सांगायचं?

मा. संपादक, नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातली, एमए मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, रोज बेळगावला येऊन जाऊन शिकते. पत्र लिहायचं कारण म्हणजे मागच्या पंधरवड्यात माझी मावसबहीण घरी आली होती, ती बीएला आहे (कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच कॉलेजात होतं असं नाही), आणि बोलता बोलता तिनं सांगितलं की आज वर्गात एक फॉर्म भरून घेतला, जो भरेल त्याला इंटर्नलचे मार्क आहेत म्हणाले. कसला फॉर्म विचारलं तर म्हणाली, मनाचा. मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता तिनं. वर नाव, रोल नंबर, सेक्शन, आणि खाली ९ प्रश्न. मी बघताक्षणी ओळखलं, पीएचक्यू नाईन म्हणतात त्याला, डिप्रेशन कितपत आहे ते बघायला जगभर वापरतात, गेल्या दोन आठवड्यांत कुठला त्रास किती दिवस झाला असं एकेक विचारत जातात आणि शेवटचा नववा प्रश्न असतो की आपण मेलेलं बरं किंवा स्वतःला काही इजा करून घ्यावी असं मनात आलं का.

हा प्रश्न एका बाकावर तिघी बसलेल्या असताना विचारला. समोर सर उभे. बहिणीनं नऊच्या नऊ ठिकाणी 'अजिबात नाही' वर टिक मारली आणि कागद देऊन टाकला. का गं असं, विचारलं तर म्हणाली, "सर बघायलेत, बाजूची बघायलीय, वर माझा रोल नंबर हाय, कोण खरं लिहील ताई?"

मला त्या रात्री झोप लागली नाही, खरं सांगते. कारण त्या वर्गात एखादीनं खरंच हो लिहिलं असेल तर तिचं काय झालं? कागद गठ्ठ्यात गेला, गठ्ठा कुणाच्या तरी थिसिससाठी गेला, आणि ती पोरगी तिच्या बसनं घरी गेली. बहिणीला मी विचारलं की शेवटी कुणी काही सांगितलं का, कुणाशी बोलावं वाटलं तर कुणाकडे जायचं वगैरे. नाही म्हणाली. अहो टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, आपल्या भाषांत बोलता येतं, तेवढा एक आकडा फळ्यावर लिहायला किती वेळ लागला असता?

आता कुणी म्हणेल ही पोरगी संशोधनाच्याच विरोधात दिसते. तसं अजिबात नाही. मला हा विषय जिवापाड आवडतो आणि विद्यार्थ्यांनी संशोधनात भाग घ्यावा, त्याबद्दल त्यांना मार्कही मिळावेत, याच मताची मी आहे. अमेरिकेत, कॅनडात कितीतरी विद्यापीठांत मानसशास्त्राचा पहिला पेपर घेतला की ठरावीक तास प्रयोगांत भाग घ्यायचा आणि त्याचं क्रेडिट घ्यायचं अशी पद्धत कित्येक वर्षांपासून आहे, साधारण अर्ध्या तासाला अर्धं क्रेडिट असा हिशोब असतो, पोरं कॉम्प्युटरवर कुठले प्रयोग चालू आहेत बघून आपल्या सोयीची वेळ घेतात. पण त्याच्याबरोबर दुसरी बाजूही ठेवलीय त्यांनी. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत सरळ लिहिलंय की सहभाग हा कोर्सचा भाग असेल किंवा त्याचे जादा मार्क असतील तर ज्याला भाग घ्यायचा नाही त्याला तेवढ्याच तोलाचं दुसरं काम करायची निवड दिली पाहिजे. म्हणजे एखादा शोधनिबंध वाचून दोन पानं लिहून द्यायची, मार्क तेवढेच. आणि प्रयोग झाल्यावर बसवून सांगतात की हे काय होतं, कशासाठी होतं, तुमच्यापासून काही लपवलं असेल तर का लपवलं. आमच्याकडे मार्कांचं तेवढं उचललं आणि बाकीचं तिकडंच राहिलं.

हे नियम काही हौसेनं आले नाहीत. १९७१ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात कॉलेजच्या पोरांना रोजचे १५ डॉलर देऊन खोट्या तुरुंगात ठेवलं होतं, काहींना पहारेकरी केलं काहींना कैदी, १४ दिवसांचा प्रयोग ठरला होता तो ६ दिवसांत थांबवावा लागला इतकी पोरांची अवस्था वाईट झाली. आमच्या सिलॅबसमध्ये आहे हे, परीक्षेला येतं, आम्ही पाठ करतो. माणसांवरच्या संशोधनात कसं वागायचं ते सांगणारा अमेरिकेतला १९७९ चा बेलमाँट रिपोर्टही पाठ करतो, माणसाचा मान, त्याचं भलं, आणि न्याय ही तीन तत्त्वं लिहून मार्क घेतो. आणि त्याच वर्गात दुसऱ्या दिवशी फॉर्म वाटले जातात आणि कुणी विचारत नाही की भरायचा आहे का तुला.

आपल्या देशात नियम नाहीत असंही नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनासाठीसुद्धा वेगळं प्रकरण आहे, आणि विद्यार्थी हे शिक्षकाच्या हाताखाली असतात, नाही म्हटलं तर काय होईल या भीतीनं हो म्हणतात, म्हणून त्यांची जास्त काळजी घ्या असं त्यात आहे. संमती लेखी हवी, त्या माणसाला समजेल अशा भाषेत हवी, आणि मधेच उठून जायची मोकळीक हवी. पीयूसीची (म्हणजे अकरावी बारावीची) पोरं तर १८ च्या आतली, तिथं आईवडिलांनाही विचारायला हवं.

भाषेवर मला जरा जास्त लिहायचंय. मी स्वतः बीएला असताना तणावावरचा एक फॉर्म भरला होता, मूळ इंग्रजी, आणि कुणीतरी मोबाईलवर टाकून मराठी करून आणलेला. त्यात एक वाक्य होतं, 'तुम्हाला किती वेळा खाली वाटले?' आम्ही सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागलो. खाली म्हणजे? खाली कुठं? (इंग्रजीत उदास वाटण्याला 'डाऊन' म्हणतात, त्याचं ते शब्दाला शब्द झालेलं.) आमच्यातल्या एकीला वाटलं पोटात खड्डा पडतो तसं असेल, तिनं उपासाच्या दिवसांचा हिशोब करून 'कधी कधी' लिहिलं. हे तिनं कळवळून सांगितलं होतं मला, चुकलं का गं माझं म्हणून. तिचं कुठं चुकलं? आमच्याकडे बायका म्हणतात जीव घाबरायलाय, कशात मन लागत नाही, करमेना झालंय, काळजात नुसती धडधड. माझी आजी म्हणायची जीव खालवर होतोय. हे शब्द फॉर्ममध्ये आले तर खानापूर, जांबोटी, नंदगड कुठलीही पोरगी खरं उत्तर देईल. खरं तर प्रश्नावलीचं भाषांतर करायची रीत ठरलेली आहे, एकानं मराठीत करायचं, दुसऱ्यानं मूळ न बघता ते परत इंग्रजीत करायचं, आणि दोन्ही जुळतात का बघायचं, मग थोड्या लोकांवर वापरून बघायचं. वेळ जातो, पण त्याशिवाय जमलेले आकडे घेऊन करायचं काय?

आणि कृपा करून याला कुणी सीमाप्रश्नाचा रंग देऊ नका. माझी जिवलग मैत्रीण बैलहोंगलची, घरी कन्नड, इंग्रजी फॉर्म समोर आला की तीही माझ्याइतकीच अडखळते. मराठीवाल्याला मराठीत आणि कन्नडवाल्याला कन्नडमध्ये विचारा, एवढंच म्हणणं आहे.

बसचंही सांगते, कारण शहरात राहणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही. प्रयोगासाठी चार वाजल्यानंतर थांबा म्हणतात. आमच्यातल्या कितीतरी जणी खेड्यातून येतात, खानापूरपर्यंत बस मिळते पण तिथून आत जायची गाडी चुकली तर वडलांना टू व्हीलर घेऊन यावं लागतं, पावसाळ्यात कणकुंबीकडचा रस्ता कसा असतो ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मग मार्क कुणाला मिळतात? टिळकवाडीत राहणाऱ्याला. हे काही बरोबर नाही ना.

तरी मी भाग घ्या असंच का म्हणते? कारण मानसशास्त्राच्या पुस्तकात 'माणूस' म्हणून जो दिसतो तो बहुतेक करून परदेशातला कॉलेजचा पोरगा असतो. २०१० मध्ये हेनरिक नावाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लेख लिहिला होता त्यात दाखवलंय की मोठ्या मोठ्या नियतकालिकांतल्या अभ्यासात ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले, आणि त्या देशांत जगातली फक्त १२ टक्के माणसं राहतात. म्हणजे घरात मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्रजी बोलणाऱ्या पोरीचं मन कसं चालतं हे कुठल्याच पुस्तकात नाही. दोन तीन भाषांत रोज ये जा करणारी आमच्यासारखी पोरं इथं घरोघरी आहेत, अभ्यासायला किती मोठी गोष्ट आहे ही! आणि आपल्या राज्याला या विषयाची परंपरा पण आहे, मैसूर विद्यापीठात मानसशास्त्र विभाग १९२४ ला सुरू झाला, देशातल्या अगदी पहिल्या विभागांपैकी तो. आमची पोरं खोटं टिक मारून मोकळी होतात तेव्हा हे सगळं हातचं जातं म्हणून मला इतकं वाईट वाटतं.

जे सर मॅडम फॉर्म वाटतात ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही. थिसिसला दोनशे तीनशे फॉर्म लागतात, वेळ नसतो, वर्ग समोर बसलेला असतो. पण म्हणूनच विद्यापीठानं आणि कॉलेजांनी नियम करायला पाहिजे, एकट्या शिक्षकावर सोडून भागणार नाही. मार्क देणाऱ्या शिक्षकानं स्वतः फॉर्म गोळा करू नये, दुसऱ्या कुणी करावा. नाव रोल नंबर उत्तरांच्या कागदावर नको, मार्कांसाठी हजेरीची वेगळी चिठ्ठी घ्या. ज्याला नको त्याला दुसरं काम द्या. संशोधनाला परवानगी द्यायच्या आधी ते तपासणारी नैतिकता समिती नुसती कागदावर असेल तर ती बसवा, आणि तिच्यात एखादा विद्यार्थीही घ्या. आणि मन उकरून काढणारे प्रश्न विचारणार असाल तर त्या दिवशी बोलायला माणूस हजर पाहिजे.

माझंही डेझर्टेशन आहे, परीक्षेच्या काळातल्या झोपेवर. बीएच्या पोरींना विचारणार आहे. फॉर्म मराठी आणि कन्नड दोन्हीत तयार केलाय, मराठीतला माझ्या आईला आणि शेजारच्या काकूंना वाचून दाखवला, त्यांनी चार शब्द बदलायला लावले ते बदलले. कन्नडचा मैत्रिणीनं तपासला. वर नाव नाही. दुपारच्या सुट्टीत घेणार आहे म्हणजे कुणाची बस चुकणार नाही, आणि शेवटच्या ओळीत १४४१६ लिहिलाय. मावसबहिणीला पहिला फॉर्म दिला तर तिनं विचारलं, नाही भरला तर चालेल का? मी हो म्हटलं. मग तिनं घरी नेला, आणि तिसऱ्या दिवशी भरून आणून दिला.

आपली,
एक विद्यार्थिनी, ता. खानापूर, जि. बेळगाव