वहीशिवाय ओपीडीला नेऊ नकोस

नागपूर

प्रिय वैशाली,
सप्रेम नमस्कार.

बालगृहातल्या मुलांच्या मानसोपचारांचं तू विचारलंस. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी रुग्णालयं आहेत, मिहानला एम्स आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तरी उपचार अडतात, कारण मुलाची हकीकत सांगणारं कोणी सोबत नसतं. घरच्या मुलाची आई सांगते, कधीपासून झोपत नाही ते. इथे ज्याची ड्युटी तो सोबत जातो आणि प्रत्येक प्रश्नाला "माहीत नाही" म्हणतो. मग केसपेपरवर 'चिडचिड' एवढंच येतं, गोळी मिळते, पुढच्या तारखेला माणूस दुसरा असतो.

म्हणून आधी दोन आठवडे वही ठेव. झोप कधी लागली, कितीदा दचकून उठला, जेवण, शाळा, अंथरूण ओलं झालं का, भेटीला कोण येणार होतं नि आलं नाही, मुलाला कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीपुढची तारीख. हे रात्रपाळीच्या काळजीवाहकाने लिहायला हवं; समुपदेशक संध्याकाळी घरी जातात आणि मुलं रडतात रात्री. दिवाळीत इतर मुलं घरी गेली की मागे राहिलेल्यांची पानं नीट वाच. अंथरूण ओलं करणाऱ्याला रागावू देऊ नकोस. लघवीची तपासणी कर, बद्धकोष्ठता विचार. मात्र जीव द्यायची भाषा किंवा स्वतःला इजा दिसली तर वहीची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना.

तपासणी आणि निदानाशिवाय मनाच्या आजाराची गोळी द्यायची नाही, हे बाल न्यायाच्या 2016 च्या आदर्श नियमांत आहे. मूल शांत बसावं म्हणून गोळी मागणाऱ्यांना ते दाखव. भरती करायचीच वेळ आली तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे दोघांनी स्वतंत्र तपासावं लागतं, त्यांत एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच. मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं आणि सोबतीला सतत एक माणूस, मुलगी असेल तर बाई. गाडं अडतं ते इथेच, कारण बालगृहात माणसं मोजकी. दोन पाळ्यांची नावं आधीच ठरवून ठेव.

मुलाची दुसऱ्या संस्थेत बदली झाली की फाईल मागाहून येते आणि औषध मध्येच तुटतं. केसपेपरची प्रत आणि निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या मुलाबरोबरच पाठव. अठरा पूर्ण होणाऱ्यांसाठी मोठ्यांच्या ओपीडीत सहा महिने आधीच ओळख करून दे. अडीअडचणीला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, चोवीस तास.

वहीची पहिली काही पानं मला पाठव, मुलांची नावं न लिहिता.

तुझी,
माधुरी