बार्बाडोसला जाण्याआधी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मी ठेवला नाही, कट झाला. म्हणजे ठेवलाच, पण नंतर लावणार होतो. तू "बाबा, मी सत्तावीस वर्षांची आहे" म्हणालीस, तेव्हा आई माझ्याकडे बघून हसली. तेच लागलं.

एकटी चालली आहेस म्हणून माझी हरकत नाही. हे लिहून ठेव. टोरांटोच्या थंडीतून चार दिवस ऊन खायला जावंसं वाटणारच.

बाथशीबाच्या किनाऱ्याचं तेवढं बघ. तू पाठवलेल्या फोटोतले ते मोठे खडक खालून लाटांनी झिजून छत्रीसारखे झालेत. लाट खडकाचं हे करते! ती पूर्वेची बाजू, समोर थेट अटलांटिक, मधे आडवं काही नाही. सर्फिंगवाले जातात तिथे. त्यांचं ते बघून घेतील. तू खडकातल्या उथळ डबक्यांत बस हवं तर. पोहायचं ते पश्चिमेला, कार्लाइल बे वगैरे. तिथे पाणी शांत, कासवंही दिसतात म्हणे. आणि आपल्या ओहोटीचा हिशोब तिथे लावू नकोस. त्या समुद्राला भरती-ओहोटीचा फरक फार थोडा, म्हणून पाणी उतरलंय, आता भीती नाही असं काही नसतं. ओढ लागली तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं. तुला माहीत आहे. तूच मला शिकवलं होतंस.

दुसरं, मँचिनीलचं झाड. किनाऱ्यावरच असतं, फळ हिरव्या छोट्या सफरचंदासारखं. विषारी आहे, खायचं नाहीच, पण पावसात त्याच्याखाली उभंही राहायचं नाही. पानांवरून गळणाऱ्या पाण्यानं अंगावर फोड येतात, बिबा उततो तसे. आजीचा हात आठवतो ना? बुंध्यावर बहुतेक लाल पट्टा मारलेला असतो. नसला तरी हिरवं फळ दिसलं की लांब.

हे भाषण झालं. माफ कर.

खरं तर मला तिथल्या ओव्हल या क्रिकेटच्या मैदानाबद्दल लिहायचं होतं. ब्रिजटाउन म्हटलं की अण्णा आपला तेव्हाचा कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टर याचंच सांगायचे. १९६२, ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर, कवटीच फुटली, आणि रक्त द्यायला वेस्ट इंडिजचा कॅप्टन वॉरेल पुढे आला. सांगताना दर वेळी त्यांचा आवाज बसायचा. आणि त्याच मैदानावर २९ जून २०२४, टी-२० वर्ल्ड कपची फायनल! सूर्याचा तो झेल, सात धावांनी जिंकलो, मी ओरडलो तर शेजारचे भिडे दार वाजवायला आले आणि तेही रडत होते. केन्सिंग्टन ओव्हलच्या बाहेर उभी राहून एक फोटो पाठव. आत सोडलं तर फारच छान.

शुक्रवारी संध्याकाळी ऑइस्टिन्सला जा, मासे तिथेच भाजून देतात. कू-कू मिळालं तर खा. मक्याच्या पिठाची भेंडी घालून घोटलेली उकड. आई म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन उकडच खायची?"

गणपतीपुळ्याला तू नऊ वर्षांची होतीस. मी कणीसवाल्याशी दोन रुपयांवरून घासाघीस करत होतो. वळून बघितलं तर तू नव्हतीस. कुणा माणसानं तुला वेणीला धरून बाहेर आणलं. त्याचं नावही मी विचारलं नाही. तू रडली नाहीस, कणीस कुठाय विचारलंस. मीच रडलो, आईला आजही ठाऊक नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुला नगरपालिकेच्या तलावात घातलं ते त्यामुळे, हौस म्हणून नव्हे. तू जिल्ह्यात दुसरी आलीस, ते पदक मी अजून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलंय. मला पोहता येत नाही, आणि सल्ले मी देतोय.

तलाव वेगळा आणि समुद्र वेगळा, एवढंच. परत तेच झालं.

पाण्यातून बाहेर आलीस की एक मिस्ड कॉल दे. तुझे दुपारचे तीन म्हणजे इथे रात्रीचे साडेबारा. मी जागाच असतो.

तुझे
बाबा

ता. क. तुझा निळा पोहण्याचा चष्मा इथेच राहिलाय. तिथे नवा घे, पैसे मी देतो.